वापरून संपल्यावर याचे काय करायचे?

हिवाळा लागला की पुण्यातली पटांगणे आणि मंगल कार्यालये प्रदर्शनांनी गजबजून जातात, आणि अलीकडे त्यांत पर्यावरणपूरक वस्तूंच्या जत्रांचीही भर पडली आहे. कोथरूडमध्ये नुकत्याच भरलेल्या अशा एका जत्रेला मी मैत्रिणीबरोबर गेले होते. ‘नैसर्गिक’ आणि ‘इको-फ्रेंडली’ ही विशेषणे तिथल्या गाळ्यांवर इतक्या सढळ हाताने लावलेली होती की त्यांच्या आधारे काही निवडणे अशक्यच होते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असे मी ठरवले : ही वस्तू वापरून संपली की तिचे काय करायचे?

बांबूचे टूथब्रश विकणाऱ्या तरुणाने सरळ उत्तर दिले. दांडी मातीत कुजते, पण ब्रशचे केस नायलॉनचेच असतात. ते पकडीने उपटून सुक्या कचऱ्यात टाकावे लागतात. इतकी उठाठेव किती घरांत होत असेल याची मला शंका आहे, तरी दांडीपुरते प्लॅस्टिक वाचते हे खरेच. बांबूच्या वस्तूंचे गाळे जत्रेत बरेच होते. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडून विकणे शेतकऱ्याला सोपे झाले, हे त्यामागचे एक कारण असू शकेल.

माझ्या प्रश्नाने खरी पंचाईत झाली ती ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांच्या गाळ्यावर. राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आल्यापासून या पिशव्यांना मागणी आहे. ‘‘ताई, सहा महिन्यांत माती होते बघा याची,’’ असे सांगत विक्रेत्याने पिशवीवर छापलेला आयएस 17088 हा मानक क्रमांक दाखवला. क्रमांक योग्यच होता, परंतु या मानकातली विघटनाची चाचणी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीत, म्हणजे साधारण 58 अंश सेल्सिअस तापमानाला घेतली जाते. गॅलरीतल्या खताच्या बादलीत तेवढी उष्णता टिकत नाही, वेताळ टेकडीच्या मातीत तर नाहीच नाही. शिवाय आपल्या शहरात 2008 पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्या महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा गोळा करतात. दिसायला हुबेहूब प्लॅस्टिकसारखी असलेली ही पिशवी त्यांनी कोणत्या डब्यात टाकायची? ओल्यात टाकली तर प्लॅस्टिक समजून ती बाजूला काढली जाणार, आणि सुक्यात गेली तर पुनर्वापरासाठी वितळवायच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून तो सगळा मालच कमअस्सल करणार. विक्रेत्याजवळ याचे उत्तर नव्हते, आणि त्या बिचाऱ्याला त्यासाठी दोष देण्यात अर्थही नाही. जुन्या चादरीतून शिवलेल्या पिशव्या शेजारच्याच गाळ्यावर होत्या. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारावाही लागला नाही.

मासिक पाळीच्या कपाविषयी महाविद्यालयीन मुली कसलाही संकोच न बाळगता चौकशी करत होत्या, हे पाहून बरे वाटले. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा हा कप नीट उकळून वापरला तर अनेक वर्षे टिकतो. वापरलेले नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे कचरावेचकांना का सांगावे लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कपाचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

रिठ्याच्या गाळ्यावर मात्र आमचा पाय रेंगाळला. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन असते आणि त्यामुळेच त्याला साबणासारखा फेस येतो. रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने यांसाठी आपल्याकडे ते पूर्वीपासून वापरात आहे. गाळ्यावरच्या काकू सहा-सात टरफले सुती पिशवीत बांधून ती पिशवी कपड्यांबरोबर वॉशिंग मशिनमध्ये टाकायला सांगत होत्या. पाणी कोमट हवे, आणि तेलकट डागांवर फार भिस्त ठेवू नये, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. रिठे उकळून केलेला काढा काही दिवसांतच आंबतो, म्हणून तो थोडा थोडाच करावा. वापरून झालेली टरफले थेट खताच्या बादलीत जातात. जत्रेतली माझी सर्वांत समाधानकारक खरेदी हीच.

अखेरच्या रांगेत एक गृहस्थ जैव-एन्झाइम, म्हणजे फळांच्या साली आंबवून केलेला सफाईचा द्रव, विकण्याऐवजी तो घरी कसा करायचा याचेच प्रात्यक्षिक दाखवत होते, आणि साहजिकच त्यांच्याभोवती गल्ल्यापेक्षा गर्दी अधिक होती. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली आणि दहा भाग पाणी हे मिश्रण तीन महिने झाकून ठेवायचे. तयार द्रव आम्लधर्मी असतो, त्यामुळे नळावरचे क्षारांचे पांढरे डाग सैल होतात. परंतु शहाबादी फरशी ही मुळात चुनखडकाची असल्यामुळे जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी तो फरशीवर ओतू नये, असे त्यांनी बजावले. उरलेला चोथाही खतातच जातो. पहिल्या महिन्यात वायू साठतो, म्हणून झाकण रोज क्षणभर सैल करायचे, आणि काचेची बरणी त्या दाबाने फुटू शकते, तेव्हा घरात पडून असलेली एखादी प्लॅस्टिकची बाटलीच यासाठी घ्यायची. त्या अख्ख्या जत्रेत प्लॅस्टिक वापरा असे सांगणारे ते एकटेच होते.