बेंझीनचा सपाट षटकोन आणि दोन पौंडांचा दंड

आज वर्गात बेंझीन झालं, म्हणजे सहा कार्बन अणूंचं वलय असलेला रेणू. षटकोन सगळ्यांना पाठ आहे. तो सपाट असल्याचं दाखवणाऱ्या स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्स्डेल मात्र कुणालाच ठाऊक नव्हत्या, म्हणून हे लिहितेय.

1929, इंग्लंडमधलं लीड्स. बेंझीन नेहमीच्या तापमानाला द्रव, त्याचा स्फटिक हाताळणं जिकिरीचं. म्हणून त्यांनी हेक्झामिथिलबेंझीन घेतलं, म्हणजे तेच वलय, पण सहा मिथिल (CH3) गट जोडलेलं आणि घन. स्फटिक रसायनशास्त्रज्ञ प्रा. इनगोल्ड यांनी दिले. स्फटिक त्रिनताक्ष, म्हणजे अक्षांमधला एकही कोन काटकोन नाही, गणित किचकट. पण एकक कोशिकेत, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वात लहान खणात, रेणू एकच! वेगवेगळ्या दिशांना कललेल्या रेणूंचा गुंता नाही. खरी अडचण पुढे होती. स्फटिकातून क्ष-किरण सोडून काढलेल्या फोटोतून ठिपक्यांची तीव्रता कळते, लहरींची कला (लहर चढावर आहे की उतारावर) कळत नाही, त्यामुळे अणूंच्या जागा थेट काढता येत नाहीत. मग जागा आधी गृहीत धरायच्या, तीव्रता हाताने मोजून काढायची, फोटोशी ताडायची, जुळली नाही की पुन्हा. वलय सपाट निघालं. त्यांचे गुरू विल्यम ब्रॅग यांचा कल हिऱ्यातल्यासारख्या दुमडलेल्या वलयाकडे होता, तरी त्यांनी हा निकाल मोकळेपणाने मानला.

याच बाईंनी 1943 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, नागरी संरक्षणाच्या सक्तीच्या नोंदणीला नकार दिला. लहान मुलांची आई म्हणून सूट सहज मिळाली असती, आणि बॉम्बहल्ल्यांतल्या आगींवरचा पहारा त्या स्वेच्छेने देतच होत्या. विरोध सक्तीला होता. दोन पौंड दंडही भरला नाही. लंडनच्या हॉलोवे तुरुंगात महिना काढला. पुढे तुरुंगसुधारणेसाठी झटल्या.

1945 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने पहिल्यांदा दोन स्त्रियांना फेलो (सदस्य) केलं, त्यातल्या एक लॉन्स्डेल.