तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सिस्टिम’ नावाची ती प्रोसेस बंद करू का?

संगणक वापरणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मला वरचेवर एक प्रश्न येतो आणि तो थोड्याफार फरकाने असा असतो: “मी काहीही उघडलेले नसताना लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो, टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर सर्वांत वर ‘सिस्टिम’ किंवा ‘सर्व्हिस होस्ट’ असे काहीतरी दिसते आणि तेच सगळा प्रोसेसर खाते, ते बंद करू का?” उत्तर आधीच देते: बंद करू नका. ‘सिस्टिम’ ही प्रोसेस (म्हणजे संगणकावर चालू असलेला प्रोग्रॅम) विंडोज बंद करूच देत नाही आणि त्याच यादीतल्या इतर काही अत्यावश्यक प्रोसेस बळजबरीने बंद केल्या, तर यंत्र कोलमडल्याचा निळा पडदा येऊन जतन न केलेले काम हातचे जाते. त्याहून महत्त्वाचे असे, की यादीत दिसणारे नाव बहुतेक वेळा फक्त काम करणाऱ्याचे असते. ते काम सांगणारा कोणी दुसराच असतो. तो कोण, हे शोधणे म्हणजेच ही सगळी दुरुस्ती.

शोधाची सुरुवात आकडा नीट वाचण्यापासून करावी. यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ टक्क्यांवर दिसली म्हणून घाबरलेले लोक मला अनेकदा भेटतात, पण तो आकडा प्रोसेसर किती रिकामा आहे ते सांगतो, त्यामुळे तो जितका मोठा तितके चांगले. दुसरी गोष्ट अशी, की विंडोजचा टास्क मॅनेजर संपूर्ण प्रोसेसरला १०० धरून टक्केवारी देतो. तुमच्या यंत्रात ८ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला स्वतंत्र दिसणारे प्रोसेसरचे भाग) असतील, तर त्यांपैकी एकाची पूर्ण शक्ती म्हणजे १२.५ टक्के, ४ असतील, तर २५ टक्के. म्हणून एखादी प्रोसेस तासन् तास १२ ते १३ टक्क्यांवर खिळून राहिली असेल, तर तिचा एकच थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) एका जागी गरगर फिरत अडकला असावा, अशी शंका मी लगेच घेते. खरे काम चालू असताना आकडा सहसा खालीवर होत राहतो. लिनक्सवरील ‘टॉप’ आणि मॅकवरील ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ मात्र एका कोअरला १०० धरतात, त्यामुळे तिथे एकाच प्रोसेससमोर २०० किंवा ३०० टक्के दिसले तरी तो हिशोबातला दोष नसतो.

यानंतर पाहायचे ते हे, की चाललेले काम आपोआप संपणारे आहे का. मोठे अपडेट आल्यावर ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, नवीन फाइलींचा मोठा साठा आणल्यावर शोधसूची तयार करणारा इंडेक्सर, ठरलेल्या तपासणीच्या वेळी ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि मॅकवर तशीच शोधसूची बनवणारी ‘एमडीवर्कर’ ही मंडळी प्रोसेसर वापरणारच, कारण त्यांचे कामच तसे आहे. अशा वेळी यंत्र चार्जरला लावून, झोपू न देता, रात्रभर तसेच ठेवावे. मधेच बंद करत राहिलात, तर उरलेले काम पुढच्या वेळी पुन्हा समोर येते आणि त्रास संपतच नाही. दुसऱ्या दिवशीही परिस्थिती तीच असेल, तर यंत्र एकदा ‘रीस्टार्ट’ करावे, आणि इथे ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे पुरेसे ठरत नाही. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे शट डाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा (कर्नल) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि चालू करताना तीच परत आणली जाते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येऊ शकतो. रीस्टार्ट केल्यावर गाभा नव्याने सुरू होतो.

तरीही आकडा उतरला नाही, तर मग काम सांगणाऱ्याच्या मागावर जायचे. ‘सर्व्हिस होस्ट’, म्हणजे एसव्हीसीहोस्ट, हे एक वेष्टन आहे, आत विंडोजच्या सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, चालतात. पूर्वी एकाच वेष्टनात अनेक सर्व्हिस असत, त्यामुळे दोषी ओळखणे कठीण होते. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या संगणकांवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र वेष्टन मिळाले. आता टास्क मॅनेजरमध्ये त्या ओळीच्या डावीकडचा बाण दाबला, की आतल्या सर्व्हिसचे नाव दिसते.

‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ हे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. संगणकाची माहिती, म्हणजे डिस्क किती भरली, तापमान किती, कोणत्या प्रोसेस चालू आहेत असे काही कोणत्याही प्रोग्रॅमला हवे असले, तर तो डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेकडे विचारणा करू शकतो. एखाद्या अडाणीपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमने दर क्षणाला अशी विचारणा केली, तर घाम डब्ल्यूएमआयला फुटतो आणि नावही त्याचेच खराब होते. विचारणारा शोधण्यासाठी विंडोजच्या नोंदी दाखवणारा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा. त्यात ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी’ आणि ‘ऑपरेशनल’ अशा क्रमाने आत जावे. तिथे ५८५८ क्रमांकाच्या त्रुटी वारंवार नोंदल्या गेल्या असतील, तर प्रत्येक नोंदीत ‘क्लायंट प्रोसेस आयडी’ दिलेला असतो. तो क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर शोधला, की विचारणाऱ्याचे नाव समोर येते. पंख्याचा वेग दाखवणारी किंवा यंत्रावर नजर ठेवणारी उपयोजने अशा ठिकाणी सापडू शकतात, आणि ती काढून टाकणे किंवा अद्ययावत करणे एवढाच उपाय लागतो.

‘सिस्टिम’ या प्रोसेसचे प्रकरण अधिक खोल असते. तिचा क्रमांक नेहमी ४ असतो आणि प्रणालीच्या गाभ्याचे व ड्रायव्हरांचे थ्रेड तिच्या नावाखाली चालतात. टास्क मॅनेजर इथे थांबतो. पुढे जाण्यासाठी ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मोफत साधन वापरावे. ते मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचे, आणि २००६ पासून मायक्रोसॉफ्टचे. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून ‘सिस्टिम’वर दोनदा क्लिक करावे, ‘थ्रेड्स’ पानावर जावे आणि प्रोसेसर वापरानुसार क्रम लावावा. सर्वांत वरच्या थ्रेडसमोर, तो ज्या फाइलीतून सुरू झाला तिचे नाव असते. ते वायफायच्या, ध्वनीच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून त्या एकाच ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती घालावी. त्रास नुकत्याच आलेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर जुनी आवृत्ती परत आणावी. तिथे केवळ गाभ्याचे, म्हणजे ‘एनटीओएसकर्नल’चे नाव दिसले, तर त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण गाभ्याचे सामायिक थ्रेड कोणत्याही ड्रायव्हरचे काम करत असतात. तेव्हा ‘विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर’ने मिनिटभराची नोंद घेऊन ती जाणकाराला दाखवणे योग्य.

‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही ओळ तर खरी प्रोसेसच नसते. हार्डवेअरने प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यात गेलेला वेळ तिथे दाखवलेला असतो. तो एरवी नगण्य असतो. सतत काही टक्के दिसू लागला, तर यूएसबीला जोडलेली उपकरणे एकेक करून काढावीत आणि प्रत्येक वेळी आकडा पाहावा. बाहेरचे काही उरले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून नेटवर्क, ब्लूटूथ, कॅमेरा अशी आतली उपकरणेही एकेक करून तात्पुरती बंद करून पाहता येतात. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्कवर वाचनाच्या त्रुटी साचल्या, की प्रणाली तिला जुन्या, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या पीआयओ पद्धतीवर उतरवत असे, आणि खराब केबलचा दोष प्रोसेसरच्या माथी येत असे. तो काळ गेला, तरी मरणासन्न डिस्कची शक्यता मी आजही मनातून काढत नाही.

मॅकवरील ‘कर्नल टास्क’बद्दल विचारणाऱ्यांसाठी एवढेच, की ॲपलच्याच स्पष्टीकरणानुसार प्रोसेसरचे तापमान आटोक्यात ठेवणे हे तिचे एक काम आहे. यंत्र तापले, की ती इतर प्रोसेसना मिळणारा प्रोसेसर कमी करते. म्हणजे तिथे उष्णता आधी आणि आकडा नंतर. हवेची वाट मोकळी आहे का, पंखा चालतो का, हे पाहावे. लिनक्सवर मेमरी मोकळी करणारी ‘केस्वॅपडी’ ही प्रोसेस यादीत वर चढली असेल, तर मेमरी कमी पडते आहे आणि ती खाणारा प्रोग्रॅम शोधायला हवा.

कधी कधी नावच खोटे असते. खऱ्या एसव्हीसीहोस्टची फाइल विंडोज फोल्डरातील ‘सिस्टिम३२’मध्ये असते (६४ बिट विंडोजवर ‘सिसवॉव६४’मध्येही एक प्रत असते); ‘ओपन फाइल लोकेशन’ने भलताच फोल्डर उघडला, तर पूर्ण तपासणी करावी. टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होत असेल, तर ही शंका अधिक बळावते, कारण चोरून क्रिप्टो चलन काढणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसताच थांबतात.

हे सगळे करताना एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. कुठेतरी वाचून दहा सर्व्हिस एकदम बंद करणे, किंवा ‘सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो’ म्हणणारे साधन बसवणे, याला माझा ठाम विरोध आहे, कारण त्यानंतर यंत्र सुधारले काय आणि बिघडले काय, कारण कळण्याची शक्यता संपते. त्याऐवजी ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजच्या साधनामध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवून उरलेल्या सर्व बंद कराव्यात, टास्क मॅनेजरमधून सुरुवातीला चालणारे प्रोग्रॅमही थांबवावेत आणि रीस्टार्ट करून पाहावे. त्रास थांबला, तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या सर्व्हिस पुन्हा सुरू कराव्यात, आणि प्रत्येक वेळी उरलेल्यांचे असेच दोन भाग पाडत गेल्यास काही फेऱ्यांत एकच नाव उरते.