तुम्ही विचारलंत म्हणून: परवडत असताना बंगला का नाही घेतलात?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की तो कोणत्या सुरात येणार हेही आता आधीच कळतं. काहींना खरंच घर घ्यायचं असतं आणि शहर की उपनगर यावरून त्यांच्या घरात दोन तट पडलेले असतात. काहींना फक्त एवढंच ऐकायचं असतं की आम्हाला आता पस्तावा होतोय. दोघांनाही मी आजवर "तसं सोयीचं पडलं" म्हणून वाटेला लावत आले. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवातीलाच एक सांगते. आम्ही शहरात लहान घर घेतलं म्हणजे साधेपणा निवडला, असं कौतुक कृपा करून करू नका. ज्या दोन वस्त्यांमध्ये आमची निवड अडली होती, त्या दोन्ही पैसेवाल्यांच्याच. एक शहरातली जुनी, उच्चभ्रू, मोठ्या झाडांची. दुसरी उपनगरातली आखीव वसाहत, अंगणासकट घरांची. दर चौरस फुटाला शहर कितीतरी महाग होतं, त्यामुळे तेवढ्याच पैशांत तिकडे मुलाला स्वतंत्र खोली, बाग आणि दोन गाड्यांची जागा मिळत होती. इकडे मिळाला जुन्या इमारतीतला एक फ्लॅट, ज्यात मुलाची खोली म्हणजे हॉलचा पडदा टाकून वेगळा केलेला भाग आहे.

तेव्हा मी एक तक्ता केला होता. कर्जाचा हप्ता, कर, देखभालीचा खर्च, शाळा, प्रवास, पुढे विकायची वेळ आली तर काय, असे रकाने. तक्त्यानं उपनगराचा कौल दिला होता. तो तक्ता करणाऱ्या माझ्याशी माझं अजूनही भांडण होतं, आणि प्रत्येक वेळी मी जिंकते असं नाही. उदाहरणार्थ, तिनं लिहिलं होतं की बांधकाम जुनं होत जातं तशी त्याची किंमत उतरते आणि वाढते ती जमिनीची. बंगल्याखालची जमीन सगळी आपली, फ्लॅटच्या वाट्याला तिचा एक तुकडा, तोही इतरांबरोबर सामायिक. हे आजही खरं आहे. जुन्या इमारतीत लिफ्ट बदलायची, गच्चीची गळती काढायची, भिंतीतले गंजलेले पाइप बदलायचे, तर सगळ्यांची संमती लागते आणि सगळ्यांची संमती कधीच वेळेवर मिळत नाही. घर बघताना आम्ही स्वयंपाकघरातल्या फरशा बघितल्या, पण इमारतीच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे हे विचारायला गेलो ते फार उशिरा. तुम्ही ते आधी विचारा.

शाळेच्या रकान्यावर मात्र मी तिला सोडत नाही. तिनं चांगली शाळा हा उपनगराचा निव्वळ फायदा म्हणून मांडला होता. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा 1999 सालचा एक अभ्यास आहे. अमेरिकेत कोणत्या घरातलं मूल कोणत्या शाळेत जाणार याच्या हद्दी ठरलेल्या असतात. त्यांनी अशा हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं तपासली, म्हणजे वस्ती एकच आणि फरक फक्त शाळेचा. परीक्षेतले गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील, तर आईबाप घरासाठी साधारण 2.5 टक्के जास्त मोजतात असं त्यांना दिसलं. म्हणजे शाळेचे पैसे घराच्या किमतीत आधीच वसूल झालेले असतात. त्या शाळेत जायला तुमच्या घरात मूल नसलं तरी ते तुम्ही भरता.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो वाद आमच्या घरी सुटलेलाच नाही. ब्रुनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर यांनी 2008 मध्ये जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहणीच्या आधारे दाखवलं की लांबच्या प्रवासाची भरपाई मोठं घर किंवा जास्त पगार करेल हे गृहीतक टिकत नाही; लांबून ये-जा करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचं सांगतात. मी हे नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, गाडीतला तो वेळ मला आवडतो, दिवसभरात माझा स्वतःचा तेवढाच असतो. तो खरं बोलत होता. सरासरीतल्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही.

आता मूळ गोष्ट. तक्त्यात तिचा रकानाच नव्हता.

विकत घेण्याआधी आम्ही त्याच वसाहतीत भाड्यानं राहून बघितलं. जमत असेल तर प्रत्येकानं हे करावं. बाबा आमच्याबरोबर होते. त्यांना काचबिंदू होता आणि कडेचं दिसणं हळूहळू जात होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं. आयुष्यभर स्वतः गाडी चालवलेल्या माणसानं त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात दिली आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, किती समजूतदारपणे घेतलं. ते काय देत होते हे ना त्यांना माहीत होतं ना मला, कारण तोवर ते नेहमी अशा ठिकाणी राहिले होते जिथे गाडी नसली तरी पाय पुरायचे.

त्या वसाहतीतले रस्ते वळणावळणाचे आणि शेवटी बंद होणारे. सुंदर दिसायचे, मुलं निर्धास्त खेळायची. पण औषधाचं दुकान नकाशावर आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच दिसायचं आणि तिथे जायला मात्र पूर्ण वळसा घालून मोठ्या रस्त्यावर यावं लागायचं. पुढे मी यावर वाचलं तेव्हा फार चिडले. न्यू जर्सीतलं रॅडबर्न 1929 मध्ये उभं राहिलं तेव्हा क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी असेच बंद गल्ल्यांचे रस्ते आखले होते, पण त्यांनी घरांच्या मागून चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा दिल्या होत्या, गाडीचा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून त्याखालून वाट काढली होती. नंतरच्या किती वसाहतींनी बंद गल्ल्या उचलल्या आणि वाटा गाळल्या! आणि दुकान घरापाशी का नाही, तर घरांच्या भागात दुकान येऊच द्यायचं नाही असे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1926 मध्येच युक्लिड गावाच्या खटल्यात असे विभाग पाडायला मान्यता दिली होती. शांतता म्हणून आपण ज्याचे पैसे मोजतो तिच्यातला बराचसा भाग हा असा आहे.

एका संध्याकाळी बाबांचे डोळ्यांचे थेंब संपले. मी येताना आणते म्हटलं होतं, आणि मी अडकले. नवराही अडकला. थेंबांची वेळ चुकवायची नसते, म्हणून बाबा चिठ्ठी खिशात घालून चालत निघाले. फोन घरी चार्जिंगला राहिला. मोठ्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. त्यांना कडेचं दिसत नव्हतं आणि गाड्या कडेनंच येत होत्या. ते घाबरून मागे वळले आणि आमच्या गल्लीऐवजी शेजारच्या गल्लीत शिरले. घरं सगळी एकाच नमुन्याची. नंबर वाचायला त्यांना फाटकाच्या अगदी जवळ जावं लागायचं. एक म्हातारा माणूस अंधार पडताना एकेका फाटकाशी वाकून बघतोय, हे कुणीतरी खिडकीतून पाहिलं आणि रखवालदाराला कळवलं.

रखवालदारानं अदबीनं विचारलं, "कुणाकडे आलात?" बाबांनी आमचा नंबर सांगितला. तो नंबर त्या गल्लीतही होता. त्या घरातले लोक बाहेर आले, बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, आम्ही यांना ओळखत नाही.

मी पोचले तेव्हा ते चौकीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, एका हातात औषधाची चिठ्ठी. कुणीही त्यांच्याशी वाईट वागलं नव्हतं. रखवालदारानं पाणी दिलं होतं आणि एकेका घरी फोन करून चौकशी करत शेवटी माझा नंबर मिळवला होता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं तिथे कुणी नव्हतं. ज्या पहाऱ्यासाठी आम्ही ती वसाहत पसंत केली होती तो पहारा अगदी चोख होता.

घरी येताना बाबा काही बोलले नाहीत. गाडी फाटकाशी थांबल्यावर म्हणाले, "आपला नंबर जरा मोठ्या अक्षरात लिहून घेता येईल का?"

त्यानंतर ते एकटे बाहेर पडले नाहीत. काही हवं असेल तर "तुम्ही त्या बाजूला जाणारच असाल तर" अशी सुरुवात करायचे. नखं कापायची कात्री हवी असली तरी. माझ्या शिक्षणापासून लग्नापर्यंत सगळं ज्यांनी न सांगता केलं, त्या माणसाच्या तोंडी ते वाक्य मला ऐकवेना. आम्ही शहरातला फ्लॅट घेतला तो या वाक्यामुळे.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे आणि ते इथे न लिहिणं अन्यायाचं होईल. तो म्हणतो, या प्रसंगावर उपाय होता तो ड्रायव्हर, गळ्यात अडकवायचा फोन आणि मोठी पाटी. फ्लॅट हा त्यावरचा उपाय नव्हता. ड्रायव्हर आम्हाला परवडत होता. मी म्हणते, ड्रायव्हर असला तरी आधी सांगावं लागतं, कुठे, कशाला आणि किती वेळ. काही कारण नसताना पायात चप्पल सरकवून खाली उतरता येणं ही वेगळी गोष्ट आहे. तो म्हणतो, मग मुलाचं काय? त्याला काही कारण नसताना अंगणात पळता येत होतं ना? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणखी एक कबूल करते. मला शहरच हवं होतं, बाबांच्या आधीपासून. तक्ता विरुद्ध गेला म्हणून गप्प होते. बाबांचं दुःख मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वापरलं असेलही. ते दुःख त्यानं खोटं ठरत नाही.

शहरात सगळं छान झालं असंही नाही. इथल्या फूटपाथवर महागड्या गाड्या चढवलेल्या असतात. लिफ्ट बंद पडली की बाबा दोन मजले चढून जिन्यातल्या खुर्चीवर टेकायचे. रात्री आवाजानं त्यांना झोप लागायची नाही आणि सकाळी त्यांना बागेची आठवण यायची. पण ते रोज खाली जायचे. औषधवाला त्यांना नावानं ओळखायला लागला. एकदा दुपारी ते घरात नव्हते, आणि मी त्यांना शोधायला न जाता हातातलं काम करत बसले. तेवढ्यासाठी मी तो पडदा टाकलेला हॉल आजही समर्थनीय मानते.

मुलगा मानत नाही. उपनगरात सगळे साधारण आमच्याच ऐपतीचे होते. इथे शेजारच्या नव्या इमारतीत जे राहतात त्यांच्यापुढे आम्ही काहीच नाही, आणि त्याचे मित्र तिथलेच. एर्झो लुटमर यांच्या 2005 मधल्या अभ्यासात दिसलं होतं की स्वतःची कमाई तेवढीच असताना शेजारी जास्त कमावणारे असले, तर माणसं कमी आनंदी असल्याचं सांगतात, आणि शेजाऱ्यांत जास्त मिसळणाऱ्यांना ते जास्त जाणवतं. हा कागद नवऱ्यानं माझ्यासमोर ठेवला. मी प्रवासाचा ठेवला होता, त्याची परतफेड. मुलगा मित्रांना घरी बोलवत नाही हे मला कागदाशिवायही दिसतं.

तर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे की एजंटनं सांगितलेल्या मिनिटांवर विसंबू नका. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत पायी अंतर 80 मीटरला एक मिनिट या हिशेबानं, आणि तेही प्रत्यक्ष रस्त्यानं मोजून द्यावं लागतं. तो नियम मला आवडतो, पण त्यात चढ आणि सिग्नल धरत नाहीत, आणि बाबा त्या वेगानं कधीच चालत नव्हते. तुमच्या घरात जो सगळ्यात सावकाश चालतो त्याला बरोबर घेऊन जा. दिवेलागणीला जा. पावसात एकदा जा. आणि मुलालाही न्या, हे मी नवऱ्याच्या वतीनं लिहितेय.

बाबा आता नाहीत. ज्या कारणासाठी फ्लॅट घेतला ते कारण उरलं नाही असं नवरा म्हणतो, आणि मी म्हणते की काही वर्षांनी माझीही किल्ली कुणीतरी मागणार आहे. त्याच वसाहतीत एक घर विकायला निघालंय. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं बघायला जातोय. मुलानं फोटो बघून वरची खोली स्वतःसाठी ठरवूनही टाकली आहे. मी वेळ संध्याकाळची मागून घेतली आणि एजंटला सांगितलं की गाडी आम्ही मोठ्या रस्त्यावरच ठेवू आणि फाटकापर्यंत चालत येऊ. यावरून कालच आमचं घरात पुन्हा वाजलं.