बिनकपाची बशी

स्टोक-ऑन-ट्रेंटला, इंग्लंडातल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी, पावसाने गाठलं म्हणून एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. अगदी खालच्या फळीवर, म्हणजे बरोबर पोरांच्या नजरेसमोर, तो टी-सेट मांडला होता. किटली, दुधाचं भांडं, साखरदाणी, कपातला गाळ ओतायचा वाडगा, सहा बश्या आणि पाच कप. सगळं भातुकलीच्या मापाचं. कप उचलायला गेले तर कानात बोटच जाईना. करंगळी कशीबशी गेली, ती मग निघेना. दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी आपली कप अंगठीसारखा घालून उभी.

भांडं हातात आलं की उलटं करून बूड बघायचं, ही माझी जुनी खोड. दुसऱ्याच्या घरी जेवतानासुद्धा. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१पासून देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, तेव्हा बुडाला ‘इंग्लंड’ असेल तर माल साधारण त्यानंतरचा, एवढी माझी विद्या. या सेटच्या बुडाला काहीच नव्हतं. विद्या संपली.

आमच्या पितळी भातुकलीत चूल होती, जातं होतं, पाटा-वरवंटा होता, नखाएवढी पळी होती. कपबशी मात्र नव्हती. मग बोळक्यात पाणी, त्यात चिमूटभर विटेचा भुगा, की झाला चहा. खरा मागितला तर ‘काळी होशील’ ठरलेलं. पण दुपारी चार वाजता आजोबा बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे आणि आजीची पाठ वळली की बशी माझ्या तोंडाशी आणायचे. एकच फुर्रर्र. काळी मी आधीपासूनच होते, त्यामुळे चोरी कधी उघडकीला आली नाही. तेव्हापासून माझ्या लेखी कप म्हणजे चहा बशीपर्यंत आणायची सोय. मगमध्ये चहा देणाऱ्यांकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. इंग्रजही एके काळी बशीतूनच प्यायचे म्हणे, पुढे त्यांना लाज वाटायला लागली.

किटलीवर निळ्या रंगात झाड, कुंपण, टोपीवाली मुलगी. कानापाशी झाड अर्ध्यातच तुटलंय आणि पलीकडून भलतीच फांदी सुरू होते. असली चित्रं छापाची. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून रंग पातळ कागदावर उतरवायचा, कागद कातरून भांड्यावर बसवायचा, घासघासून घ्यायचा, मग पाण्याने कागद काढून टाकायचा. कातरायला बहुतेक लहान मुली असत. मुलगे ओल्या बश्यांचे साचे घेऊन वाळवणीच्या तापलेल्या खोलीत दिवसभर धावत. १८४१ साली सॅम्युअल स्क्रिव्हन नावाचे सरकारी अधिकारी इथे येऊन या मुलांचे जबाब लिहून घेऊन गेले. कारखान्यांचा कायदा या धंद्याला लागू व्हायला १८६४ उजाडलं.

झाड तुटलंय तिथे कागदाची कड दिसते. जरा वाकडी गेली आहे. सरळ जाता जाता कातर मध्येच घसरल्यासारखी.

करंगळी अखेर सुटली. ‘सहावी बशी सुटी द्याल का, तिचा कप नाहीच आहे,’ मी विचारलं.

‘सेट मोडत नाही,’ बाई म्हणाल्या.

यात आता मोडायचं काय राहिलंय, हे इंग्रजीत वेळेवर सुचलं नाही.