'ए' एकटा कसा काढायचा

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. पण खरी अडचण त्यातल्या बीजगणिताची आहे, हे लेकीच्या चाचणीचा पेपर हातात पडल्यावर आम्हाला कळलं. तिन्ही समीकरणं तोंडपाठ, तरी त्वरण काढा म्हटलं की पेन थांबलेलं. "ए मधेच अडकलाय गं आई, एका बाजूला कसा आणू?"

लेक सेमी-इंग्रजीला. तिचं सगळं ए (त्वरण), यू (सुरुवातीचा वेग), व्ही (शेवटचा वेग), एस (अंतर), टी (वेळ) मध्ये. मी शिकले ते व्याजाचं सूत्र म, द, क चं, म्हणजे मुद्दल, दर, काळ. पतसंस्थेत काउंटरवर बसते, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाही. पण तिला शिकवायला घेतलं की पाच मिनिटांत दोघींचे आवाज चढतात.

आधी क्लासमध्ये विचारलं. तिथून त्रिकोण मिळाला. वर अंतर, खाली वेग आणि वेळ. जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरेल ते उत्तर. नुसता गुणाकार असेल तिथे हे झकास चालतं. पण 'व्ही बरोबर यू अधिक एटी' मध्ये बेरीज आली, ती त्रिकोणात कुठे कोंबणार? त्यावर उत्तर मिळालं, "मग सगळी रूपं पाठ करून टाक." तीन समीकरणं, प्रत्येकात चार अक्षरं, म्हणजे बारा रूपं! फी भरून हे ऐकायचं. फोनवरचं अ‍ॅपही वापरून पाहिलं. फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. लेक ते सुबक अक्षरात उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी आकडे बदलले की पुन्हा तिथेच अडायची.

गोडोलीत आमच्याच गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाठवा की वहिनी संध्याकाळी. आणि तुम्हीही या, म्हणजे घरची भांडणं तरी थांबतील." आवाज त्यांच्या घरापर्यंत जात होता तर!

सरांनी पहिल्याच दिवशी 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' या वाक्यावर बंदी घातली. पलीकडे काही जात नाही, दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, एवढंच. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या माणसाने १५५७ साली पुस्तकात छापलं. दोन समांतर रेषांपेक्षा सारखं दुसरं काय असणार, असं त्याचं म्हणणं होतं. हे सांगताना सर असे खुलले, जणू तो त्यांचा वर्गमित्रच.

मग वहीवर 'व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक २एएस' लिहिलं आणि विचारलं, "या ए वर काय काय झालंय? क्रमाने सांग."

"आधी २एस ने गुणलं. मग यू वर्ग मिळवला."

"शेवटी काय केलं?"

"यू वर्ग मिळवला."

"मग सोडवताना तोच आधी काढ. मोती चौकातनं पेढ्याचा पुडा आणतेस, दोरा शेवटी बांधलेला असतो, म्हणून घरी आधी दोरा सोडतेस. कागद नंतर."

लेक नेमकं उलटं करत होती. आधी २एस ने भागायची, तेही फक्त व्ही वर्गाला, आणि यू वर्ग शेवटी तसाच्या तसा वजा करायची. सर "चूक" म्हणाले नाहीत. आकडे घालायला लावले: यू २, ए ३, एस ४. व्ही वर्ग आला २८. आता तिच्या रूपातून ए काढला तर २८ भागिले ८, वजा ४, म्हणजे उणे अर्धा. "गाडीचा वेग वाढतोय आणि त्वरण उणे?" लेक हसली. मग स्वतःच २८ मधून ४ वजा केले, ८ ने भागलं. तीन.

आकडे घालून तपासायची ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण विचारायला जवळ कुणी नसलं तरी ती वापरता येते. पुढे आरशाचं सूत्र आलं: एक छेद एफ बरोबर एक छेद यू अधिक एक छेद व्ही. इथे यू आणि व्ही म्हणजे वेग नाहीत, वस्तूचं आणि प्रतिमेचं आरशापासूनचं अंतर; एफ म्हणजे आरशाचं नाभीय अंतर. तिने सगळं उलटं करून 'एफ बरोबर यू अधिक व्ही' लिहिलं. सरांनी काही म्हणायच्या आत तिनेच यू ला ३, व्ही ला ६ घेतलं. एक तृतीयांश आणि एक षष्ठांश मिळून अर्धा, म्हणजे एफ २ यायला हवा. तिच्या सूत्रातून आले ९. मग छेद सारखे करून उजवीकडे एकच अपूर्णांक केला आणि नंतर उलटवला. १८ भागिले ९.

माझ्यासाठी सरांनी वेगळं गणित काढलं. रास बरोबर मुद्दल अधिक व्याज. सरळव्याजाने ९ टक्के दर, २ वर्षं, हातात ११,८०० हवेत, तर आज किती ठेवायचे? मुद्दल दोन ठिकाणी, एकदा सुटं आणि एकदा व्याजाच्या पोटात. मी पुडा उलगडायला गेले तर दोरा सापडेना. लेकीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मुद्दल सामाईक काढलं, कंसात १.१८ उरले. दहा हजार.

"तुमच्याकडे लोक हे विचारतात?" तिने विचारलं.

"रोज."

"मग तू काय करतेस?"

"कॉम्प्युटरला विचारते."