टीव्हीखालच्या पीसीसाठी एसएमपीएस निवडताना

बाबांकडे कॅसेटींवरून उतरवून घेतलेली शास्त्रीय गायनाची बरीच रेकॉर्डिंग्ज आहेत. ती, घरचे फोटो आणि सिनेमे टीव्हीवरच लावता यावेत म्हणून दिवाळीत नागपूरला गेलो तेव्हा एक छोटा पीसी जुळवून दिला. मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, एक एसएसडी, एक साडेतीन इंची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटसोबत आलेला ३०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, तसाच ठेवला.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी मारवा लावला. तानपुरे सुरू झाले आणि त्यांच्याखाली एक बारीक, एकसुरी घुरघुर ऐकू येऊ लागली. एसएमपीएसचा पंखा. बाबा काहीच बोलले नाहीत, रिमोट उचलून आवाज १४ वरून २० वर नेला. मला ते फार लागलं.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘किमान ५५० वॅट घ्या, पुढे कामी येतील.’ मी आधी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. नुसता सुरू असताना पीसी २३ वॅटच्या आसपास खात होता, सिनेमा चालू असताना ३० ते ३५. प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण ताण दिला तेव्हा कुठे १२० च्या जवळ गेला. म्हणजे वॅटचा प्रश्नच नव्हता. ३०-३५ वॅटवर जो गप्प बसेल तो एसएमपीएस हवा होता.

पहिला विचार पिको पीएसयूचा आला. हाताच्या बोटाएवढं सर्किट मदरबोर्डवरच्या २४ पिनच्या सॉकेटमध्येच बसतं, पंखाच नाही, वीज बाहेरच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमधून येते. पण अशा बऱ्याच सर्किटांत १२ व्होल्टची लाइन अ‍ॅडॉप्टरकडून जशी येते तशीच पुढे जाते. सगळी भिस्त अ‍ॅडॉप्टरवर. चांगल्या कंपनीचा, दहा अँपिअर खरोखर देणारा अ‍ॅडॉप्टर मला बाजारात खात्रीने मिळेना, आणि आईबाबांच्या घरात, बंद टीव्ही युनिटमध्ये, अनोळखी अ‍ॅडॉप्टर ठेवायला मन धजेना.

मग एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा एसएमपीएस. कॅबिनेटमध्ये तेवढीच जागा होती: १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटर. १२० मिलिमीटरचा पंखा असलेले एसएफएक्स-एल मोह घालत होते, पण ते १३० मिलिमीटर खोल. पट्टीने मोजलं तर मागे वायरी वळवायला जागाच उरत नव्हती.

शेवटी कॉर्सेअरचा एसएफ ४५० घेतला. कमी लोडवर त्याचा पंखा पूर्ण थांबतो, हे एकच कारण. वीज किती कमी वाया जाते हे सांगणाऱ्या ८० प्लस गोल्डच्या शिक्क्याला मी इथे महत्त्व दिलं नाही. ती चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, माझा पीसी सात-आठ टक्क्यांवर चालतो. तिथे दोन-चार वॅट जास्त गेले तरी रोजच्या चार-पाच तासांत बिलाला जाणवत नाही.

संक्रांतीला जाऊन बसवला. पंखा थांबलेला, खोली शांत, टीव्हीचा आवाज पुन्हा १४ वर. पण दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह लावताना बाबांच्या बोटांना कॅबिनेटच्या झिणझिण्या आल्या. नवा पीस खराब निघाला असं वाटून परत करायला निघालो होतो. तरी जुना एसएमपीएस लावून पाहिला, तर त्याच झिणझिण्या! इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, तर तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर जवळपास अर्धा व्होल्टेज, ११५ च्या आसपास, येऊन बसतो. करंट अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण अर्थिंग नसलेल्या घरात खरा लीकेज झाला तर वाचवायला काही नसतं. त्याच दिवशी हॉलमधल्या सगळ्या सॉकेटांना अर्थिंग ओढून घेतलं.

मे महिन्यात बाबांचा फोन आला, दुसऱ्या सिनेमाच्या मध्यावर पंखा फिरायला लागतो म्हणून. बाहेर ४५ अंश आणि पीसी तीन बाजूंनी बंद कप्प्यात. सुताराकडून टीव्ही युनिटची मागची प्लायवूडची फळी वीतभर कापून घ्यायला सांगितली. आता पंखा क्वचित, भर दुपारीच फिरतो.