बोटांवर मोजणाऱ्यासाठी

"बाई, मी घड्याळ काढून टाकलं. चालेल?"

चौथीतल्या मुलीने आज स्क्रॅचमध्ये (मुलं ठोकळे जोडून संगणकावर खेळ बनवतात तो प्रोग्रॅम) पाढ्यांचा खेळ बनवला. १ ते १० मधले कुठलेही दोन आकडे येतात, पडद्यावरचं मांजर गुणाकार विचारतं, उत्तर बरोबर आलं की एक गुण वाढतो. १० सेकंदांचं घड्याळ लावायला मीच सांगितलं होतं.

"का गं काढलंस?"

"भाऊ दुसरीत आहे ना. तो बोटांवर मोजतो. सात चोक आलं की त्याची बोटं संपतात, मग माझी घेतो."

चुकल्यावर तिचं मांजर 'चूक' म्हणत नाही, 'परत मोज' म्हणतं. हे मी शिकवलं नव्हतं.

११ वर्षं मी वर्गात "पटकन सांगा" म्हणत आलेय. किती जणांची बोटं मध्येच थांबली असतील?